पाच पौंड हवा

१
शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये १९८५ सालची एक तीनचाकी उभी आहे. तिचे टायर मागच्या मंगळवारी आले.

२
इलिनॉयमध्ये मक्याच्या शेतांना लागून काउंटी फेअरचं मैदान असतं. लाकडी गॅलरी, आणि घोड्यांच्या शर्यतींसाठी आखलेला मातीचा लंबगोल. घोडे नसतात त्या शनिवारी इंजिनं पळतात. आधी मोटारसायकली, मग आडरानात चालणाऱ्या चारचाकी एटीव्ही, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, लोक खायला उठतात त्या वेळेला, जुन्या तीनचाक्या. ह्याला फ्लॅट ट्रॅक म्हणतात. उड्या नाहीत, चढउतार नाहीत. सरळ, डावीकडे, सरळ, डावीकडे. गंमत म्हणजे डाव्या वळणात हँडल बहुतेक वेळ उजवीकडे वळवलेलं असतं, कारण मागची बाजू घसरत बाहेर निघालेली असते.

३
आई सांगलीहून आली आहे. गॅरेजमध्ये डोकावून म्हणाली, "रिक्षाच की रे ही. हूड काढून ठेवलंय."

४
रिक्षा नाही. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांत डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि कोणाची तक्रार नसते. ह्या तीनचाकीची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवलेली. एक जितकं फिरेल तितकंच दुसरं. वळणात कुणीतरी घसरलंच पाहिजे. कुणी, किती आणि केव्हा, हे टायर निवडताना ठरतं.

५
म्हणून शेजारी टायर घ्यायला जाताना मोजपट्टी नेतो. आकार, दाम आणि ब्रँड नंतर. आधी टायरच्या पोटाभोवती पट्टी गुंडाळून घेर मोजतो. एकाच साच्यातून निघालेले दोन टायर सारखे भरत नाहीत. मोठा भरेल तो उजव्या बाजूला, लहान डाव्या बाजूला. शंकूच्या आकाराचा पेला जमिनीवर आडवा ढकलला की आपोआप गोल फिरतो, तसं.

त्याच्या वहीवर मी हिशेब करून पाहिला. चाकांच्या मध्यांतलं अंतर ४० इंच, वळणाची त्रिज्या ३० मीटर. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के जास्त अंतर. २० इंची टायरचा घेर ६३ इंच. म्हणजे फरक हवा दोन इंचांचा.

"दोन?" तो म्हणाला. "मग सरळ रेषेत कोण चालवणार, तू?"

त्याने एक इंच ठेवला.

६
टायरवरचा आकडा वाचायची रीत: २० x ११-९. उंची वीस इंच, रुंदी अकरा, आतली रिम नऊ. रिक्षाचा टायर ४.००-८. रुंदी चार, रिम आठ. रिम जवळपास तेवढीच. बाकी सगळं पोट.

७
हे पोट आलं कुठून? साठीच्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी कंपनीकडे हिवाळ्यात खपेल असं काहीतरी मागितलं. मोटारसायकली बर्फात कोण घेणार? ओसामू ताकेउची ह्या अभियंत्याने दोनपासून सहा चाकांपर्यंत सगळे प्रकार करून बघितले. बर्फात, वाळूत, चिखलात तीन चाकं बरी पडली, पण साधी चाकं रुतत होती. तोडगा मिळाला तो अँफिकॅट नावाच्या, पाण्यातही चालणाऱ्या एका सहाचाकी गाडीच्या फुगीर टायरांत. १९७० मध्ये यूएस ९० बाजारात आली, किंमत ५९५ डॉलर. स्प्रिंग नाही, शॉकअॅब्सॉर्बर नाही. टायरमध्ये दोनेक पौंड हवा, तीच गादी.

म्हणजे आधी टायर सापडला, मग गाडी जमली. शेजाऱ्याला हे सांगितलं. त्याला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

८
पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये जेम्स बाँड असल्याच तीनचाकीवर बसून पळतो. 

९
१९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांत न्यायालयात करार झाला आणि अमेरिकेत नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली. अपघात फार होत होते. २००८ च्या कायद्याने तर आयात आणि विक्री दोन्ही बंद. जुनी बाळगायला, चालवायला, शर्यतीत उतरवायला हरकत नाही.

मी ज्या राज्यातून आलो तिथे बजाज वर्षाला लाखांनी तीनचाक्या बनवतं.

१०
वळणात तीनचाकी उलटते ती मागे किंवा पुढे नाही. पुढच्या चाकापासून बाहेरच्या मागच्या चाकापर्यंत जमिनीवर एक तिरकी रेघ ओढा. त्या रेघेवरून कोलमडते. चारचाकीला ती रेघ लांब, बाजूला असते. तीनचाकीला जवळजवळ मांडीखाली.

११
टायर विकणारा पकड विकतो. जाहिरातीत तोच शब्द. इथे मात्र पकड जास्त झाली की घात. टायर घसरायचं नाकारून मातीत रुतला की गाडी त्या तिरक्या रेघेवर उभी राहते, आतलं चाक हवेत, आणि पुढच्या क्षणी स्वार कुंपणाच्या दिशेने. शेजाऱ्याला हवा असतो तो सुटणारा टायर. पण सांगून सुटणारा. "अचानक सुटला तर तो टायर नाही, केळ्याचं साल," हे त्याचं मत.

१२
पुढचा एकटा टायर गाडी वळवतो, मागचे दोन तिला सरळ रेटतात. घरोघरी हेच.

१३
फ्लॅट ट्रॅकचे मोटारसायकलस्वार डाव्या बुटाला पोलादी तळ बांधतात आणि वळणात तो पाय मातीवर टेकवून घसरतात. बघायला फार सुंदर. तीनचाकीवर तसा पाय खाली सोडला की मागून येणारं आपलंच चाक पोटरीवर चढतं. शेजाऱ्याच्या डाव्या पोटरीवर रबराचा ठसा आहे असं तो सांगतो. मी पाहिला. व्रण आहे, त्यात खाचा वगैरे काही दिसल्या नाहीत. पण तो बोट ठेवून दाखवतो, हा ठोकळा, ही फट, हा दुसरा ठोकळा. टायर कोणता होता तेही आठवतंय त्याला.

१४
हवा मोजायचा त्याचा गेज शून्य ते दहा पौंडांचाच. पेट्रोल पंपावरच्या गेजमध्ये पाच पौंड दिसतच नाहीत, काटा जागचा हलत नाही.

मोटारीत ३२ पौंड हवा असते. टायर तीस अंशांनी तापला तर ती ३६-३७ होते. कुणाच्या लक्षात येत नाही. ह्याच्या टायरमधली ५ पौंड तेवढ्याच उष्णतेने ७ होते. चाळीस टक्के. हवा वाढली की टायर मध्ये फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा आखूड होतो, घेरही बदलतो, म्हणजे मोजपट्टीने केलेली सगळी मेहनत गेली. म्हणून तो शर्यतीआधी गाडी सावलीत लावतो. एकदा उजवी बाजू उन्हात राहिली होती. ती गोष्ट तो अजून बायकोवर ढकलतो.

१५
मातीबद्दल. हे मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून लांबेल.

दुपारी चारला टँकर पाणी मारून जातो. माती काळी, लोण्यासारखी. हातात घेऊन वळली तर लाडू होतो. तेव्हा उघडी, मोठी बटणं असलेला टायर लागतो. बटणं मातीत शिरतात, फटींतून चिखल बाहेर फेकतात. सहापर्यंत गाड्यांनी माती दबून टणक होते. ज्या रेषेवरून सगळे जातात तिथली सुटी माती बाहेर उडून कडेला ढीग होतो. त्याला कुशन म्हणतात. आठला दिवे लागतात, आणि आतल्या रेषेवर रबर घासून घासून एक काळी-निळी, तुकतुकीत पट्टी तयार झालेली असते. ब्लू ग्रूव्ह. दुपारची बटणं त्या पट्टीवर म्हणजे फरशीवर फुटबॉलचे बूट. आता जवळजवळ गुळगुळीत टायर, बारीक खाचांचा.

एका संध्याकाळीत तीन जमिनी. त्याच्याकडे टायरचे दोन संच.

सहाच्या सुमाराला सगळे स्वार ट्रॅकवर पायी फिरतात. बोलत नाहीत. टाच रोवतात, चिमूट उचलतात, अंगठ्याने चोळतात. आमच्या तालमीत वस्ताद सकाळी हौद्यातली माती अशीच बघायचे. तिच्यात तेल, ताक, हळद पडलेली असायची, नुसत्या वासावरून ताक कमी आहे असं सांगायचे. इथे एक जण चिमूट नाकापाशी नेताना दिसला. मी उगाच खूश झालो. त्याला सर्दी होती.

१६
रबर किती मऊ आहे हे बघायला सुईचं एक घड्याळ असतं. टायरवर दाबायचं, आकडा बघायचा. आकडा लहान म्हणजे मऊ. खोडरबर चाळिशीच्या आसपास.

मऊ टायर लगेच धरतो, लगेच तापतो, दमतो. कडक टायर आधी रुसतो, मग कामाला लागतो. पाच फेऱ्यांच्या पात्रता शर्यतीला पहिला, लांब अंतिम फेरीला दुसरा. आई हे ऐकत होती. "तुझ्या बाबांचं दुसरं," म्हणाली.

१७
रबर मऊ करायची रसायनंही मिळतात. रात्रभर चोळून ठेवायचं, सकाळी टायर लोणी. बऱ्याच ट्रॅकवर बंदी आहे. संशय आला तर रबराचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात.

मातीत काय मिसळलंय ते मात्र कुणी तपासत नाही. ती ट्रॅकवाल्यांची.

१८
टायरवर खाचा पाडायचं यंत्र: विजेवर तापणारं वळलेलं पातं. रबरात लोण्यासारखं जातं, धूर येतो, कापलेली शेवेसारखी पट्टी खाली पडते. गॅरेजमध्ये तो वास आला आणि मला एकदम लहानपणच्या नाक्यावरचा टायरवाला आठवला. तोही हेच करायचा. टक्कल पडलेल्या टायरवर नव्या खाचा कोरून, काळं पॉलिश मारून पुढे विकायचा. त्याच्या खाचा दिसण्यासाठी असायच्या. ह्याच्या, माती बाहेर टाकायला आणि ठोकळ्याला थोडं वाकू द्यायला.

हात नाक्यावरच्याचा जास्त सफाईदार होता.

१९
बारीक, कागदाइतक्या चिरेला साइप म्हणतात. जॉन साइप ह्या माणसाच्या नावावरून, पेटंट १९२३ चं. सांगतात की तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवर सारखा घसरायचा, म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला ब्लेडने चिरा दिल्या.

२०
बीड म्हणजे टायरची आतली कडा. जिल्हा नव्हे.

इतक्या कमी हवेवर आडवा जोर आला की ही कडा रिमवरून सुटते आणि टायर गळून पडतो. म्हणून बाहेरून एक कडं लावून ते बोल्टांनी आवळतात. बीडलॉक. मागच्या शुक्रवारी ते काम माझ्याकडे आलं. मी शिस्तीत पहिला बोल्ट, शेजारचा दुसरा, त्याच्या शेजारचा तिसरा असे गोल आवळत गेलो. कडं एका बाजूला दबलं, दुसऱ्या बाजूला नखभर उघडं राहिलं. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. समोरासमोरचे आवळायचे असतात, थोडे थोडे, दोनतीन फेऱ्यांत. सगळे सोडून पुन्हा. शेजारी काही बोलला नाही. त्याने रेडिओ मोठा केला.

२१
चारचाकी एटीव्हीवाले आमच्याकडे जरा दयेने बघतात. त्यांच्या गाड्या रुंद, बुटक्या, पोट जमिनीला लागेल अशा. वळणात डावं पुढचं चाक बऱ्याचदा हवेतच असतं. म्हणजे तेही तीनच चाकांवर.

२२
वळताना शरीर आत झुकवायचं, पण पायाचा दाब बाहेरच्या पायरीवर द्यायचा. मी गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर करून पाहिलं. उभी गाडी, तरी घाबरलो.

२३
शनिवार. पात्रता शर्यत साडेसहाला, मऊ टायर, दुसरा नंबर. अंतिम फेरी पावणेनऊला. निळी पट्टी तयार होती, सगळ्यांनी गुळगुळीत टायर चढवले. ह्याने बटणंच ठेवली. मी विचारलं, बदलायचे नाहीत? कुंपणापाशी मातीचा ढीग होता त्याकडे हनुवटी केली.

सगळे आत, एकामागे एक, निळ्या पट्टीवर. हा एकटा बाहेर, ढिगाला टेकून, मातीचा पिसारा काढत. लांबून जायचं, पण जोरात. चौथ्या फेरीला तिसरा. सहाव्या फेरीला दुसरा. आठव्या फेरीपर्यंत त्यानेच ढीग उडवून कुंपणापलीकडे टाकला होता. खाली राहिला तो नुसता टणक रस्ता. पाचवा आला.

आईच्या साडीवर माती. ती टाळ्या वाजवत होती.

२४
रात्री परत येताना त्याने एकच प्रश्न विचारला. माझा हिशेब दोन इंचांचाच होता ना?

२५
गॅरेजच्या मागच्या भिंतीला टायरांची मांडणी आहे. उन्हाने रबर कडक होतं, म्हणून प्रत्येकाला काळं प्लास्टिक. रविवारी टायर काढून धुवायला मदत केली. प्रत्येक टायरच्या कुशीवर त्याने पांढऱ्या मार्करने काहीबाही लिहिलेलं आहे. तारीख, घेर, हवा, दोन शब्द. काही पुसट झालेलं. वाचता आलं ते उतरवून घेतलं:

'डावा. ६१ ½. ओली. ठीक.'

'उजवा. ६२ ¾. पाच पौंड. उशिरा धरतो, वाट बघ.'

'उजवा. ६३. ऊन लागलं.'

'डावा. पोटरी.'

'डावा. ६२. कुशन. आठ फेऱ्या.' ह्याची शाई अजून ओली होती.