खतावणी, अहवाल, पुस्तकं: काही नगरी टिपणं

जागतिक अर्थकारणाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत अमेरिकेच्या यादवी युद्धाचा उल्लेख हमखास असतो. 1861 साली युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, भारतीय कापसाचा भाव चढला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. नगर जिल्ह्याची गोष्ट मात्र इथून सुरू होते. तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेलं कर्ज मंदीत अंगावर आलं, त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि बघता बघता त्याचं लोण श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत पोचलं. लोकांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, कोर्टाचे हुकूमनामे हाती लागले तिथे त्यांची होळी झाली. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर त्याला बहुधा कुणी हात लावला नाही.

जगाच्या बाजाराशी आपली गाठ 1991 नंतर पडली असं समजणाऱ्या प्रत्येक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मी हा इतिहास आधी वाचायला सांगेन.

•

त्या उठावातून 1879 चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. कर्जापायी कुळाला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि रोख्यावरचा आकडा ब्रह्मवाक्य न मानता व्यवहाराची पहिल्यापासून चौकशी करण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्यातलं वेगळंच कलम मोलाचं वाटतं. शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे, पासबुकात नोंदी मिळाल्या पाहिजेत, हे त्यात लिहिलेलं आहे. ज्या माणसाच्या नावावर खातं आहे त्याला ते खातं पाहता आलं पाहिजे. बँकिंगच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकाचं पहिलं प्रकरण हेच असायला हवं.

•

जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतातल्या खेड्यांत सरपंचकी केलेल्या फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी 1866 मध्ये गावपतपेढ्यांवर एक पुस्तक लिहिलं. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी जामीन राहायचं, हा त्यातला गाभा. शुल्ट्झ-डेलिट्श यांनी शहरातल्या कारागीर-दुकानदारांसाठी वेगळी घडी बसवली. हे विचार मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांच्या अहवालातून भारतात आले आणि 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्याकडची गावची सोसायटी पहिल्या घराण्यातली, अर्बन बँक दुसऱ्या. सोसायटीच्या ओट्यावर बसलेल्या किती सभासदांना हे माहीत असेल? सांगायला तसं मराठी पुस्तक हाताशी हवं ना.

•

धनंजयराव गाडगीळ यांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं इंग्रजी पुस्तक 1924 मध्ये निघालं. केंब्रिजच्या पदवीसाठी लिहिलेला तो प्रबंध. अशी पुस्तकं लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ झाले. पण गाडगीळ पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था सांभाळता सांभाळता नगर जिल्ह्यातल्या लोणीला येऊ लागले. तिथे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते. त्या प्रवरा कारखान्याचे गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. एकाकडे पुस्तकी शिक्षण जेमतेम, दुसऱ्याकडे केंब्रिज. उसाला भाव किती द्यायचा, घसारा किती धरायचा, सभासदाच्या बिलातून ठेव किती कापायची, हे प्रश्न दोघांनी एका टेबलावर सोडवले.

पुढे रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीच्या समितीवरही गाडगीळ होते. 1954 चा तो अहवाल जाडजूड आहे, पण त्यातला एक तक्ता मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. 1951-52 मध्ये शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा 3.1 टक्के, सरकारचा 3.3, व्यापारी बँकांचा 0.9. सावकारांचा सुमारे 70. 1904 चा कायदा होऊन जवळजवळ पन्नास वर्षं उलटल्यावरचे हे आकडे. असा तक्ता समोर असतानाही सहकारावरचा विश्वास न सोडणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

•

किल्ल्याविषयी एक. 1942 ते 1945 या काळात नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणी कैदेत होती. नेहरूंनी तिथे लिहिलेलं पुस्तक सगळ्यांना आठवतं. पट्टाभी सीतारामय्याही तिथेच होते आणि 1923 साली मछलीपट्टणला आंध्र बँक त्यांनीच काढली होती. त्यांनीही तिथे लेखन केलं.

•

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पैशाची पुस्तकं भरपूर. श्रीमंत कसं व्हावं, शेअर बाजारात कसं शिरावं, आलेख कसे वाचावेत. त्यांच्या वरच्या पायरीवर अच्युत गोडबोले यांचं ‘अर्थात’ किंवा गिरीश कुबेर यांचं ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ अशी जगाचा व्यवहार मराठीत समजावणारी पुस्तकं आहेत, आणि ती वाचली जातात. पण त्याहून वर चढायचं म्हटलं की मराठी संपते. टॅनन यांचा बँकिंग कायद्यावरचा ग्रंथ इंग्रजीत. बँक कर्मचारी बढतीसाठी जेएआयआयबी, सीएआयआयबी देतात, त्यांची पुस्तकं प्रामुख्याने इंग्रजीतच. जीडीसी अँड ए ही सहकार आणि लेखा विषयांची पदविका करणाऱ्या मुलांना मराठीत साहित्य मिळतं, पण ते परीक्षेपुरतं: कलम पाठ, प्रश्न सुटला.

ज्या जिल्ह्यात सोसायट्या, पतसंस्था, कारखाने, बँका यांनी घराघरात सभासद केले, तिथे विशेषज्ञांची पुस्तकं मराठीत नसणं ही मला मोठी उणीव वाटते. तिची किंमत लोक ठेवींतून मोजतात.

•

नगर अर्बन बँक 1910 ची. डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खातेदाराला दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. 4 ऑक्टोबर 2023 रोजी परवाना रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. त्यावरची रक्कम असणाऱ्यांसाठी पुढचा रस्ता अवसायनाचा.

इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरांत छापावी अशी आहे. हा ठेवविमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेतल्या ठेवीमागे ठेवविमा महामंडळाचा एक रुपयाही नाही. दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी निवृत्तीची रक्कम तिथे ठेवणाऱ्या किती जणांना हे कुणी समोर बसवून सांगितलं असेल?

•

वार्षिक अहवाल हातात पडला की आपण अध्यक्षांचं मनोगत वाचतो, लाभांश किती ते पाहतो आणि सभेत हात वर करतो. त्याऐवजी आधी ताळेबंद काढावा. मालमत्तेच्या बाजूला ‘येणे व्याज’ शोधावं. मग देण्याच्या बाजूला ‘थकीत व्याज तरतूद’ पाहावी. पहिला आकडा फुगलेला आणि दुसरा त्या मानाने किरकोळ असेल, तर नफ्यातला बराचसा पैसा अजून आलेलाच नाही. नंतर मार्चअखेरची थकबाकी डिसेंबरच्या थकबाकीशी ताडून पाहायला मिळाली तर जरूर पाहावी. मार्चमध्ये कर्ज ‘नवं-जुनं’ करण्याची रीत गावात सगळ्यांना माहीत असते. जुनं खातं नव्या कर्जाने भरून टाकायचं, थकबाकी कागदावरून नाहीशी. जगातल्या काही मोठ्या बँकाही याच वाटेने अडचणीत आल्या, आणि इंग्रजी ग्रंथांत त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आपल्याकडच्या निवृत्त लेखापरीक्षकांनी मनावर घेतलं तर याच विषयावर दोनशे पानांचं अस्सल मराठी पुस्तक होईल, उदाहरणं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

•

कांद्याची हिशेबपट्टी. वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. घोडेगावच्या शेतकऱ्याच्या खिशातल्या या चिठ्ठीवर न छापलेल्या ओळीही असतात. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. 8 डिसेंबरला निर्यातच बंद. 4 मे 2024 ला बंदी उठली ती टनाला किमान 550 डॉलर दर आणि तेच 40 टक्के शुल्क घेऊन. डॉलर, विनिमय दर, शुल्क हे सगळं त्या निव्वळ रकमेत उतरलेलं असतं.

बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा ग्रंथ 1923 मध्ये लंडनमध्ये छापला गेला. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत नव्हते, तरी त्यांनी ती लिहिली. रुपयाची किंमत घसरली की मजुरापासून व्यापाऱ्यापर्यंत कुणाचं काय होतं, हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी मांडलं. पुस्तक अवघड आहे. पण हिशेबपट्टी शेजारी ठेवून, कुणीतरी समजावत, आठवड्याला थोडी पानं अशी चार-पाच जणांनी मिळून वाचण्याजोगं नक्कीच आहे. गावच्या वाचनालयात अशी बैठक बसवायला फार काही लागत नाही. नगरचं जिल्हा वाचनालय तर 1838 पासून उभं आहे.

•

जीडीसीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी, आणि न करणाऱ्यांसाठीही: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 32. संस्थेचे उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि समिती सदस्यांची यादी सभासदाला कार्यालयात, कामाच्या वेळेत, एक पैसाही न देता पाहता येते.