बोलणाऱ्याची माती

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, ही म्हण थोड्याफार फरकाने सर्वत्र ऐकू येते आणि तिच्यातले बाजाराचे शहाणपण इतके उघड आहे की ती पडताळून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ऑस्ट्रेलियाचे पत्रकार आणि दूरचित्रवाणी निवेदक स्टॅन ग्रांट यांच्या कारकिर्दीपुढे मात्र ती पहिल्याच पावलाला अडते, कारण ज्या समाजात त्यांचा जन्म झाला त्याची माती कोणी विकलीही नव्हती आणि कोणी मोल देऊन घेतलीही नव्हती.

ग्रांट हे विराजुरी, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्याच्या मध्य भागातील तीन नद्यांच्या खोऱ्यांत हजारो वर्षे राहत आलेल्या मूळनिवासी समाजाचे. हा खंड कोणाच्याच मालकीचा नव्हता असे ब्रिटिश वसाहतीने गृहीत धरले; ‘टेरा नलियस’, म्हणजे स्वामी नसलेली भूमी, या नावाने ओळखली जाणारी ती कल्पना तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात १९९२ मध्ये फेटाळली, आणि त्याच वर्षी ग्रांट ‘सेव्हन’ या खासगी वाहिनीवर ‘रिअल लाइफ’ हा चालू घडामोडींचा कार्यक्रम सादर करू लागले. त्यांचा जन्म १९६३ चा. देशाची लोकसंख्या काढताना मूळनिवासींना मोजू नये हे राज्यघटनेतील कलम त्यानंतर चार वर्षांनी, १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. जन्मतः ज्याला देशाच्या शिरगणतीत जागा नव्हती तो तिशीच्या उंबरठ्यावर त्याच देशाला दिवसभराच्या घडामोडी सांगत होता.

यात म्हणीची सरशी मानावी, तर तेथे नेमके काय विकले जात होते हा प्रश्न उरतो. पुढे सीएनएनसाठी हाँगकाँग आणि बीजिंग येथे राहून त्यांनी दशकभर वार्तांकन केले. ज्यांच्या बातम्या ते देत होते त्या युद्धांची, सत्तांतरांची, आपत्तींची माती इतरांची होती, आणि आवाज स्वतःचा असावा पण गाऱ्हाणे स्वतःचे नसावे, अशी निवेदकाच्या व्यवसायाची अटच असते. ती अट मोडणारे एक भाषण त्यांनी २०१५ मध्ये सिडनीतील एका वादसभेत वंशद्वेष या विषयावर केले आणि पुढील वर्षाच्या आरंभी त्याची ध्वनिचित्रफीत दूरवर पसरली. तेव्हा माती खरोखरच खपली, असे म्हणता येईल; पण या म्हणीत विकणारे दोन आहेत आणि गिऱ्हाईक कोठेच नाही. ऐकणाऱ्याने ते बोलणे घरी नेल्यावर त्याचे काय केले, हे तिला ठाऊक नाही. टाळी हे मोल धरावे, तर ते देणाऱ्याच्या पदरचे काही खर्च होत नाही.

न बोलणाऱ्याचा उल्लेख म्हण करते, पण त्याचे तोंड कोणी बंद केले याची विचारपूस करत नाही. ग्रांट घराण्यात सांगितली जाणारी हकिकत अशी की त्यांच्या पणजोबांनी एका बागेत आपल्या नातवाला विराजुरी भाषेत हाक मारली, ती पोलिसाच्या कानी पडली आणि तेवढ्यावरून त्यांना कोठडीत टाकण्यात आले. त्यानंतर त्यांनी चारचौघांत ती भाषा बोलणे सोडले, रानात मात्र नातवाजवळ ती बोलत राहिले. तो नातू म्हणजे निवेदक ग्रांट यांचे वडील, थोरले स्टॅन ग्रांट. त्यांनी उतारवयाकडे झुकताना जॉन रडर या भाषा-अभ्यासकासह विराजुरीचा शब्दकोश सिद्ध केला, आणि आज चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात या भाषेचा अभ्यासक्रम शिकवला जातो. एका हाकेसाठी झालेल्या शिक्षेपासून विद्यापीठाच्या प्रमाणपत्रापर्यंतचे हे अंतर तीन पिढ्यांचे आहे. न विकलेले सोने पडून राहिले म्हणूनच वाचले, असा निष्कर्ष येथे फार सहज सुचतो आणि सहज सुचतो म्हणूनच त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते, कारण वसाहत आली तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि त्यांतील बहुतेकींना मौनाने वाचवले नाही. बऱ्याच घरांत रान होते, आजोबाही होते, पण नातवाला शिशुवयातच शासनाने उचलून नेलेले होते.

६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने एबीसी या सार्वजनिक वाहिनीवरील चर्चेत ग्रांट यांनी राजमुकुटाचा अर्थ आपल्या लोकांच्या दृष्टीने मांडला. त्यामागे १८२४ चा इतिहास होता: गव्हर्नर ब्रिस्बेन यांनी बाथर्स्टच्या परिसरात लष्करी कायदा, म्हणजे नागरी न्यायालयांऐवजी बंदुकीच्या बळावर चालणारा अंमल, पुकारला होता आणि तो विराजुरींविरुद्धच होता. या बोलण्यानंतर त्यांच्यावर आणि कुटुंबावर वंशद्वेषी शिव्यांचा आणि धमक्यांचा मारा झाला, आणि त्याच महिन्यात त्यांनी एबीसीच्याच ‘क्यू अँड ए’ या कार्यक्रमाच्या सूत्रधारपदावरून माघार घेतली. आपल्या संस्थेतील वरिष्ठांपैकी कोणीही जाहीरपणे पाठीशी उभे राहिले नाही, असे त्यांनी लिहिले. त्यानंतर संस्थेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी क्षमा मागितली. येथे न बोलणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्यापाशी सोने होते असे म्हणवत नाही.

ग्रांट यांची माघार आणि पणजोबांचे मौन एका रांगेत बसवण्याचा मोह होतो, पण पणजोबांपुढे तुरुंग होता, तर ग्रांट यांनी जाताना आपल्याच व्यवसायावर, प्रसारमाध्यमांनी सार्वजनिक संवादाला लावलेल्या वळणावर ठपका ठेवला आणि तोही सर्वांदेखत, बोलूनच. शिवाय लेखन त्यांनी थांबवलेले नाही. मग ते बाजारातून उठले की केवळ एका दुकानातून उठले, आणि त्या रिकाम्या जागेवर उद्या एखाद्या तरुण विराजुरी निवेदकाने बसावे असे कोणी त्याला किंवा तिला खात्रीने सांगू शकेल काय, याचे उत्तर ग्रांट यांच्या कारकिर्दीतून दोन्ही बाजूंनी काढता येते.