आवाज ऐका, मग उत्तर द्या

टायपिंगचा कंटाळा येतो म्हणून पोरं व्हॉइस मेसेज पाठवतात, असं आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही.

कॉलेजच्या दिवसांत आम्ही चौघं मित्र बिंदू चौकात भेटायचो. बाबासाहेब हयात असतानाच, 9 डिसेंबर 1950 ला त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा तिथं बसवला गेला. वाद घालायला याहून चांगली जागा कुठली! आता एक दिल्लीत पीएच.डी. करतोय, एक लंडनला आहे, एक गडचिरोलीत शिक्षक. कोल्हापुरात मी उरलोय. चौघांची वेळ जुळत नाही. म्हणून आवाज पाठवायचा, ज्याला सवड होईल तेव्हा तो ऐकतो.

1 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सहा विरुद्ध एक अशी मान्यता दिली. त्यानंतर आपले किती ग्रुप फुटले, ते तुम्हीही पाहिलंय. आम्ही चौघं एका जातीचे नाही, त्यामुळं वाद थेट घरात आला. दिल्लीवाल्याच्या दोन ओळी वाचून गडचिरोलीवाला भडकला. मग दिल्लीवाल्यानं नऊ मिनिटांचा मेसेज पाठवला. मुद्दा तोच, पण मधेच "जेवलास काय रे?" आलं. "तुझ्या आईला विचार, तुमच्या गल्लीतली किती पोरं नोकरीला लागली," हेही आलं. मत कुणाचंच बदललं नाही. ग्रुप मात्र कुणी सोडला नाही.

लंडनवाला शाळेत "पानी" म्हणाला म्हणून वर्ग हसला होता. मराठीत लिहिताना तो आजही दोन ओळींपुढं जात नाही. बोलायला लागला की थांबत नाही. आंबेडकरी जलसे ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत पोचले, ते आवाजावरच. यात आळस कुठं आला?

आणि "मी बरा आहे" हे टाइप करायला कुणालाही जमतं. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला, त्यानंतर बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या पोरांचं "बरा आहे" मला नुसतं वाचवत नाही. गेल्या हिवाळ्यात दिल्लीवाला म्हणाला, "गाईडनं परत सही केली नाही. चालायचंच." शब्द साधे, आवाज पार खोल गेलेला. मी लगेच फोन लावला, पहाटे दोनपर्यंत बोललो. दुसऱ्या दिवशी लंडनवाल्यानं ओळखीचा एक कार्यकर्ता त्याच्या खोलीवर पाठवला. व्यवस्थेचा गुन्हा यानं माफ होत नाही, तो लढा वेगळा आहे. पण लढायला पोरगं जागेवर तर हवं!

अडचण एकच. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून आज आपण ती वाचतो. आमचे आवाज मोबाइल बिघडला की गेले. म्हणून उपवर्गीकरणावरचे मेसेज मी तिघांना विचारून वहीत उतरवतोय. हिवाळ्यातली ती रात्र वहीत येणार नाही. गडचिरोलीवाल्याचे चार मेसेज अजून उतरवायचे राहिलेत. त्यातला एक बारा मिनिटांचा आहे, आणि मागं सारखं कोंबडं आरवतंय.