जुनी मालमोटार

यंत्रांनाही वार्धक्य येते. मात्र ते सर्वांगाला एकाच वेळी येत नाही. मालमोटारीचा लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो, तर तिच्या पंख्याचा पट्टा थोड्याच वर्षांत भेगाळतो. इंजिनातील पोलादी भाग धावल्याने झिजतात. रबरी नळ्या मात्र गाडी दारात नुसती उभी असली तरी कडक होत जातात. म्हणून जुन्या गाडीला काय हवे, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तरीही ते तसे देणारी माणसे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, "चालते आहे ना, मग हात कशाला लावता?" कोणी म्हणतो, "आता सारेच बदलून टाका." दोघांचेही विचार करण्याचे श्रम वाचतात, एवढे खरे!

निफाड तालुक्यातील एका गृहस्थांची मालमोटार चौदा वर्षांची झाली होती. ती ते स्वतःच चालवीत. लासलगावच्या बाजारात कांदा भरावयाचा आणि कसारा घाट उतरून तो कल्याणला पोचवावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम. उन्हाळ कांद्याचा हंगाम पंधरा दिवसांवर आला असता गाडीतून निळसर धूर येऊ लागला. काळा धूर दिसला तर इंजिनाला हवा कमी किंवा इंधन जास्त मिळत आहे, असे समजावे. निळसर धूर ही वंगणाचे तेल जळत असल्याची खूण होय. मिस्त्रींनी धूर पाहताच सांगितले, "दादा, इंजिन उतरवा. पिस्टनच्या रिंगा गेल्या."

सल्ला खोटा नव्हता. परंतु हाताशी असलेले सारे पैसे त्या एका कामातच संपले असते.

मालकांजवळ एक जाडजूड वही होती. गाडीत केव्हा किती तेल घातले, कोणता भाग कोणत्या दिवशी बदलला, याची नोंद ते नेमाने करीत. त्यांनी वही उघडली. गेल्या वर्षी हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल लागत होते. आता पाऊण लिटर लागत होते. तेलाचा दाब उतरलेला नव्हता, रेडिएटरमधील पाणी घटत नव्हते, चढावर जोरही कमी पडत नव्हता. इंजिन म्हातारे झाले होते, पण त्याने अंथरूण धरले नव्हते. शिवाय इंजिनाचा एक गुण मोठा आहे. ते बहुधा बंद पडण्यापूर्वी पुष्कळ दिवस कुरकुरते. धुराने, आवाजाने, तेलाच्या भुकेने आपले दुखणे सांगत राहते.

जे भाग कुरकुरत नाहीत, त्यांचीच चिंता अधिक करावयास हवी. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना रस्ता सुमारे ३०० मीटर खाली येतो. मालासह १६ टन वजनाची गाडी एवढी खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, ती उष्णतेच्या रूपाने कोठेतरी जावयास हवीच. ती सारी एकत्र करता आली, तर शंभर लिटरहून अधिक थंड पाण्याला उकळी येईल! म्हणूनच जाणते चालक खालच्या गिअरमध्ये घाट उतरतात आणि गाडी रोखण्याचे बरेचसे काम इंजिनाकडून करून घेतात. तरीही ब्रेकच्या वाट्याला पुष्कळ ताप येतो. आणि ब्रेक फार तापले की त्यांची पकड ढिली पडते.

मालकांचा विशीतला भाचा नुकताच गाडी चालविण्याचा परवाना घेऊन आला होता. त्याने मोकळ्या पटांगणावर रिकामी गाडी फिरवून पाहिली आणि उतरताच म्हणाला, "मामा, ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते."

"मला तर तसे कधी जाणवले नाही," मामा म्हणाले.

ते स्वतः पुन्हा गाडीत बसले. या वेळी त्यांनी आपल्या हातांकडे लक्ष दिले. पाय ब्रेकवर जाताच हात आपोआप चक्र किंचित उजवीकडे वळवीत होते. दोष हळूहळू वाढला होता आणि हात त्याच्याशी हळूहळू जुळवून घेत गेले होते. मुरलेल्या चालकाला न दिसलेले नवख्याला दिसले, ते यामुळेच.

पुढचे उजवे चाक उतरविले. आतले सील फाटले होते आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरले होते. त्या बाजूचा ब्रेक जवळजवळ नावापुरताच उरला होता. मिस्त्रींनी मग आपण होऊन बाकीची चाकेही उघडली. मागच्या एका ड्रमला आरपार भेग गेलेली आढळली. हवेच्या टाकीची तोटी उघडली, तर आतून बरेच पाणी निघाले; ब्रेकला हवा नेणारी एक रबरी नळी वाकविताच तिच्यावर बारीक चिरा दिसू लागल्या.

आठ वर्षांहून जुन्या मालमोटारीला दर वर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या गाडीजवळ ते होतेही. परंतु ती तपासणी वर्षातील एका दिवसाची. सील फाटते ते उरलेल्या दिवसांत.

मिस्त्री अजून इंजिनाचा आग्रह सोडीत नव्हते. "धूर वाढला तर प्रदूषणाच्या तपासणीत गाडी अडेल, दादा." मालकांनी ते मान्य केले, मात्र इंजिन पावसाळ्यात, भाडी कमी असताना उतरवावयाचे ठरले. तोवर दर खेपेला तेल मोजावयाचे, आणि हजार किलोमीटरला लिटरभर लागू लागले तर हंगाम संपण्याची वाट न पाहता काम काढावयाचे. रंगाचा बेतही त्यांनी रद्द केला. (भाच्याला त्याचेच वाईट वाटले.) सगळे लायनर, दोन ड्रम, सील, हवेच्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा एवढे नवे आले. पुढचे दोन्ही टायरही बदलले. त्यांची नक्षी शिल्लक होती, पण कडांचे रबर भेगाळले होते.

हंगाम सुरू झाला. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून ब्रेक तपासण्याचे आणि तेलाचा आकडा वहीत मांडण्याचे काम आता भाच्याकडे आले. पहिल्या पानावर त्याने अक्षर जरा मोठे काढले. मामांनी त्याला फक्त तारीख नीट घालावयास सांगितले.