हादग्याच्या फेरात रुजणारी भाषा

भाषा टिकवण्याचा विषय निघाला की आम्हा सीमाभागातील मराठी माणसांचे लक्ष साहजिकच शाळा, न्यायालय आणि सरकारी कागद यांच्याकडे जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आमचा लढा चालू आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढा आवश्यक आहे. त्याविषयी आम्ही वेळोवेळी लिहीत असतो. मात्र या सगळ्या काळात एक शाळा आमच्या अंगणात कोणत्याही परवानगीवाचून आणि अनुदानावाचून चालत आली. ती शाळा म्हणजे आमचे सण. मूल कसे वाढवावे, त्याच्या कानावर आणि हातावर काय पडू द्यावे, याचे आमच्या आजी-पणजीजवळ असलेले शहाणपण या सणांतच साठवलेले आहे.

हादग्याचेच पाहा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली फेर धरतात. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. आमच्याकडच्या हादग्याची रीत अशी की पहिल्या दिवशी एक गाणे म्हणायचे, दुसऱ्या दिवशी दोन, आणि असे करत सोळाव्या दिवशी सोळा. या रीतीत शिकवण्याची केवढी समज आहे! लहान मुलीवर पहिल्याच दिवशी सोळा गाण्यांचे ओझे पडत नाही. रोज एकच नवे गाणे येते, आणि कालची सगळी पुन्हा म्हटली जातात. जिला काहीच येत नाही, तिचा हात मोठ्या मुलीच्या हातात असतो. ती नुसती पावले टाकते, ओळीचा शेवट तेवढा म्हणते आणि चार दिवसांत सगळ्यांच्या बरोबरीने गाऊ लागते. तिला कोणी चुकलीस म्हणून थांबवत नाही, कारण फेर थांबत नसतो.

गाण्यांतील मजकूरही सहज म्हणून आलेला नाही. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू कारल्याचे बी पेरायला सांगते. मग कोंब येऊ दे, वेल वाढू दे, फूल लागू दे, कारली येऊ देत, भाजी होऊ दे, असे म्हणत तिचे जाणे पुढे ढकलत राहते. या एकाच गाण्यात मुलीला बियाण्यापासून ताटापर्यंतचा सगळा क्रम कळतो, प्रत्येक पायरीचा शब्द कळतो आणि ‘आधी हे, मग ते’ अशी वाक्ये रचता येऊ लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातल्या जाचाला हसता येते, त्याला नाव देता येते, हेही तिला फार लवकर उमगते. सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद ही नाती पाठ करून घ्यावी लागत नाहीत. गाण्यातून ती ओळखीची होतात.

शेवटी खिरापत. डबा झाकलेला असतो आणि आत काय आहे ते ओळखायचे असते. गोड की तिखट? तळलेले की उकडलेले? ताटातले की वाटीतले? मुली प्रश्नांमागून प्रश्न विचारतात आणि स्वयंपाकघरातला सगळा शब्दसंग्रह अंगणात येतो. खाऊ समोर असताना हात आवरून धरण्याचा सरावही त्याच वेळी होतो. संयमावर व्याख्यान देऊन जे साधत नाही, ते झाकलेल्या डब्याने साधते.

दिवाळीतला मातीचा किल्ला हे दुसरे उदाहरण. बेळगावच्या गल्लीगल्लीत मुले दगड, विटा, गोणपाट आणि चिखल जमवून तो रचतात. बुरूज, तट, माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा, टाके हे शब्द मुलांच्या हातांना आधी कळतात, तोंडात मागून येतात. मोहरी किंवा अळीव पेरून ते उगवण्याची वाट पाहावी लागते. कोणाचा बुरूज ढासळला तर भांडण होते, आणि ते मिटवल्याशिवाय किल्ला पुरा होत नाही. येळ्ळूरचा राजहंसगड डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला इतिहास परक्याचा वाटत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला धुतात, रंगवतात, पोळी खाऊ घालतात; मुले मातीचे बैल करतात. आपल्यासाठी राबणाऱ्याचे ऋण मानायचे असते, हे त्या वयात याहून वेगळ्या रीतीने सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. संक्रांतीला लहान मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे ओततात आणि खाली पडलेले इतर मुले वेचतात. कौतुक एकाचे आणि खाऊ सगळ्यांचा! त्याच दिवशी कन्नड शेजाऱ्याच्या घरातून एळ्ळु-बेल्ल येते, आणि त्यासोबतचे मागणेही चांगले बोलण्याचेच असते. आमचे मागणे राज्यकर्त्यांकडे आहे, शेजाऱ्याशी वैर नाही, हे आमच्या मुलांना तीळगुळाच्या देवाणघेवाणीतूनच समजत आले आहे.

आज काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सण थाटात होतात, पण मूल त्यात प्रेक्षक होऊ लागले आहे. हादग्याची गाणी ध्वनिवर्धकावर लागतात आणि मुली नुसत्या टाळ्या वाजवतात. किल्ला बाजारातून तयार येतो. ज्या मुलाच्या शाळेत मराठी हा विषयही नाही, त्याच्यासाठी हे अंगण ही मराठीची उरलेली एकच शाळा असू शकते. तेथेही त्याला नुसते बसवून ठेवले, तर ते मराठी ऐकेल, पण बोलणार नाही.

म्हणून आमची विनंती साधी आहे. बेळगावात असा, इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादेत, यंदा हस्त लागल्यावर गच्चीवर पाचसात मुले जमवा. मुलगेही फेरात येऊ द्या आणि मुलींचे हात किल्ल्याच्या चिखलात जाऊ द्या. ही वाटणी जपण्याचे काही कारण उरलेले नाही. गाणी लावू नका, म्हणा. घरातल्या आजीला रोज एक गाणे विचारा. तिला जे आठवते ते कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमच्या गावचे असेल. आणि खिरापतीचा डबा लगेच उघडू नका. मुलांना विचारू द्या, चुकू द्या, पुन्हा विचारू द्या. तेवढ्या वेळात घरात जे बोलले जाईल, ती मराठी असेल.