आय हॅव अ डाउट!

परवा एका शब्दानं माझी पार वाट लावली. झालं काय, लंडनच्या एका कंपनीतल्या बाईंची मुलाखत हवी होती. दोन आठवडे मेलामेली चाललेली. त्यांनी पाठवलेल्या माहितीतले दोन आकडे नीट कळले नाहीत, म्हणून सरळ लिहिलं, ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर फिगर्स.’ उत्तर आलं ते थेट त्यांच्या वकिलाचं! मुलाखत गेली, तिचे पैसेही गेले.

आता मला सांगा, माझं चुकलं काय? शाळेत धडा संपला की बाई विचारायच्या, ‘कोणाला काही शंका?’ आपण हात वर करायचो. पुढे माध्यम बदललं आणि शंकेचा ‘डाउट’ झाला. क्लासवाले तर खास ‘डाउट सॉल्व्हिंग’चे तास घेतात! भारतभर चालतं हे. पण तिकडे ‘डाउट’ म्हणजे तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. थोडक्यात, मी बाईंना खोटं ठरवलं होतं, तेही खाली ‘काइंड रिगार्ड्स’ लिहून.

मग डिक्शनरी उघडून बसले. क्वेश्चन, क्वेरी, एन्क्वायर, इन्क्वायर ही सगळी एकाच लॅटिन घराण्यातली भावंडं. ‘आस्क’ तेवढा अस्सल जुन्या इंग्रजीतला, घरच्या कपड्यांतला. तो कुठेही चालतो. ‘क्वेश्चन’ नाम असेपर्यंत गुणी. क्रियापद झालं की पोलीस चौकीत नेऊन बसवतं. बिल ‘क्वेरी’ केलं तर समोरच्याला वाटतं, आकडा खटकला. आणि ब्रिटिश वळणात ‘ए’ची एन्क्वायरी म्हणजे साधं विचारणं, ‘इ’ची इन्क्वायरी म्हणजे तपास. आपल्या रेल्वे स्टेशनवर ‘ए’, 1952च्या कायद्याखाली आयोग नेमतात तिथे ‘इ’. अमेरिकन मंडळी बिनधास्त, दोन्हीकडे ‘इ’च लावतात.

मराठीत मात्र दोन्हीला एकच शब्द. चौकशी.

इथे मी जरा अडखळलेच. मी सातवीत असताना बाबांची ऑफिसात चौकशी लागली होती. अकरा महिने चालली. निर्दोष सुटले, पण तो शब्द आमच्या घरातून गेला तो गेलाच. दादरला गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येतेय हे बघायचं असलं की आई म्हणायची, ‘जा गं, त्या खिडकीवर विचारून ये.’ खिडकीवर चांगलं ठळक लिहिलेलं असायचं, ‘चौकशी’. बाबा तिकडे कधीच गेले नाहीत. हमालाला विचारायचे.

रात्री फोनवर त्यांना मेलचा किस्सा सांगितला. वाटलं, हसतील.

‘वकिलाचं पत्र आलं?’

‘हो ना! एवढ्याशा गोष्टीला?’

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घाबरल्या असतील गं बिचाऱ्या.’

सकाळी बाईंना पुन्हा मेल टाकला. आधी माफी मागितली. मग लिहिलं, दोन गोष्टी मला समजल्या नाहीत, विचारू का? ‘आस्क’च वापरलं. अजून उत्तर नाही.