पाण्याशी भांडण

मुलाला पाण्यात ढकलले की तो आपोआप पोहू लागतो, असा आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांचा ठाम सिद्धांत होता. तो कुठल्या ग्रंथात आहे हे विचारायची सोय नव्हती. कारण विचारण्यापूर्वीच ढकलून झालेले असे. पाठीला रिकामा डबा नाहीतर सुकलेला भोपळा, कमरेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला मामा आणि खाली विहीर. मामाचे लक्ष विडी पेटवण्यात! अशाने माणूस पोहायला शिकतो म्हणतात. माझ्या मते तो फक्त न बुडायला शिकतो. या दोहोंत केवढे अंतर आहे, हे कळायला मला वयाची ५८ वर्षे आणि दोन्ही गुडघे खर्ची घालावे लागले.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर डॉक्टर म्हणाले, "जिने बंद. पोहायला लागा." लागलो. विहिरीतली विद्या शाबूत होती. मी त्वेषाने हात मारले, चहूकडे पाणी उडवले आणि २५ मीटरवरचा पलीकडचा काठ गाठला. मी पोचलो, माझा श्वास मात्र अजून वाटेतच होता.

शेजारच्या पट्ट्यात ७२ वर्षांच्या एक निवृत्त शास्त्रशिक्षिका पोहत होत्या. तलावावर सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. आवाज नाही, शिंतोडा नाही. ताकावरून लोण्याचा गोळा सरकावा तशा चालल्या होत्या. वीस फेऱ्या झाल्यावर माझ्याजवळ थांबल्या.

"केवढं भांडता हो पाण्याशी!"

"पोहतोय, बाई."

"पाण्याला तसं वाटत नाही."

आणि तिथेच, कमरेइतक्या पाण्यात, बाईंनी तास सुरू केला. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. वेग दुप्पट करायला जावे, तर त्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणजे जोर वाढवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. फायदा आहे तो आड येणारे अंग कमी करण्यात. "डोकं जवळपास पाच किलोचं असतं," बाई म्हणाल्या. "आत काय आहे यावर ते अवलंबून नाही. ते वर काढलंत की पाय खाली जातात. छातीत हवा, म्हणून ती तरंगते, पाय जड. नजर तळाकडे ठेवा. श्वासासाठी मान उचलू नका, अंगाबरोबर कुशीवर वळा. आणि तोंड पाण्यात असताना श्वास हळूहळू सोडा. कोंडून काय ठेवता? बँकेत टाकायचाय?"

शेवटी गृहपाठ : एका फेरीत किती हात पडतात ते मोजायचे. पहिल्या दिवशी ३१ पडले. बाईंचे १७. मी कमी हात मारून बघितले, तर मध्येच थांबलो. मग कळले, की हात पुढे गेला की तो जरा तसाच लांब राहू द्यायचा. मिळालेल्या धक्क्यावर सरकायचे. उधळेपणा सोडून शिलकीवर जगायचे. महिनाभराने २४ झाले.

या मोजणीची गंमत अशी, की तिच्यात दुसरा विचार चालत नाही. सोसायटीच्या टाकीचा वाद मनात आला, की अकरानंतर एकदम सतरा येतात आणि पाय बुडू लागतात. पाणी लगेच चुगली करते. बाहेर मी वर्तमानपत्र वाचत चहा पितो आणि चहा पिता पिता मोबाईल बघतो. तलावात एका वेळी एकच काम.

एक जागा मात्र दाद देईना. जिथे तळ एकदम खोल आणि निळाकाळा होतो, तिथे माझे हात आपोआप भराभर पडत. विहीरच ती! मामाला जाऊन वीस वर्षे झाली. दोर आता कुणाच्याच हातात नाही. बाईंना हे बोललो नव्हतो, तरी त्यांनी ओळखले. म्हणाल्या, "आरती साहांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशियातल्या पहिल्या महिला. त्याच वर्षीचा आधीचा प्रयत्न फसला होता. पुन्हा उतरल्या आणि सोळा तासांवर पोहल्या. सोळा तास पाण्याशी भांडून कोण टिकेल? तुम्ही त्या जागी फक्त श्वास सोडा. बुडबुडे ऐका."

ऐकले. बुडबुडे अगदी मठ्ठ आवाजात बुडबुडतात. त्यांत घाबरण्यासारखे काही नसते. एक, दोन, तीन... तळ खोल होता तो तसाच राहिला, पण हात सावकाश पडले. त्या दिवशी फेरी २२ हातांत झाली आणि पलीकडच्या काठावर मी व माझा श्वास एकदमच पोचलो.

परवा टाकीच्या वादावर घरी बोलत होतो. बायको म्हणाली, "अहो, हल्ली बोलताना हात कमी उडवता."

"मोजतोय," मी म्हणालो.